पालथं पान

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे सिडनीतली घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपला आपण बदलतो. भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी स्टुलावर चढून बदलावं लागतं. गिरावीनच्या दुसऱ्या मजल्यावरच्या युनिटमध्ये मानसी खरात एकटी राहत होती आणि त्या सकाळी ती स्टुलावर चढली नाही. फोन पर्समध्ये पडून होता. बाराला पोचायचं म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाने साडेअकराला निघाली. गाडीतलं घड्याळही त्याच चुकीत सामील होतं. क्वेकर्स हिलच्या त्या विटांच्या घरासमोर तिने गाडी लावली तेव्हा खरे अकरा वाजायला पाच मिनिटं होती.

पुढे जे झालं ते त्या एका तासामुळे झालं, असं सुजितने नंतर सांगितलं. खरं तर ते साडेचार महिन्यांपूर्वीच होऊन गेलं होतं.

सुजित तिचा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर मानसीनेच त्याला अकोल्याहून इथे शिकायला आणलं. युनीची तीन वर्षं तो तिच्या हॉलमधल्या सोफाबेडवर झोपला. नोकरी लागली, स्वतःची गाडी झाली, आणि गेल्या नोव्हेंबरात त्याने सांगितलं की तो क्वेकर्स हिलला एका मलेशियन कुटुंबाच्या मागच्या अंगणातल्या छोट्या घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहायला जातोय.

"लँडलेडी एकदम मावशीसारखी आहे, ताई. टेन्शन घेऊ नकोस."

"मग दाखव की घर."

"सेटल होऊ दे गं जरा."

सेटल काही तो होईना. दर रविवारी तोच गिरावीनला यायचा, जेवायचा, आठवड्याची चटणी डब्यात भरून न्यायचा. मानसीने फार खोदून विचारलं नाही. मोठा झालाय, त्यालाही त्याची जागा हवी, असं ती कामावरच्या बायकांना सांगायची.

मानसी ब्लॅकटाउनच्या एका पॅथॉलॉजी सेंटरवर रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साठीच्या पुढची, डोक्यावर फिकट जांभळा रुमाल घेतलेली एक बाई तिच्या खुर्चीत येऊन बसली.

"उपाशीपोटी आलात ना?" मानसीने नेहमीसारखं इंग्रजीत विचारलं.

"तीन आठवडे झाले, रोज उपाशीच आहे," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. रमझान चालू होता. मग तिची नजर मानसीच्या छातीवरच्या बॅजवर गेली आणि हसू मावळलं. "खरात? सुजितची बहीण?"

"हो. तुम्ही?"

"रोहाना. तो माझ्याकडे राहतो." बाईने दुसरा हात मानसीच्या हातमोज्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "माझ्या मनात राग नाही. सहा एप्रिलला आमच्याकडे ईदचं जेवण आहे, बारा वाजता. तू ये. त्याला आधी सांगू नकोस. त्याला तुला दारातच बघू दे."

राग कशाचा, हे मानसीला कळेना. भाऊ इतके महिने राहतोय आणि बहीण एकदाही तोंड दाखवायला आली नाही, त्याचा असेल, असं तिने धरून चाललं. चूकच होती तिची. शनिवारी तिने दोन किलो रव्याचे लाडू वळले.

दार रोहानानेच उघडलं. घड्याळाचा घोटाळा लक्षात आल्यावर दोघी हसल्या.

"बरं झालं. सुजित बर्फ आणायला गेलाय, हिदाया वर तयार होतेय. तू आत ये, माझ्या हाताशी बस."

हिदाया म्हणजे रोहानाची मुलगी. तिचं नाव मानसीने सुजितच्या तोंडून दोनतीनदा ऐकलं होतं, घरमालकिणीची मुलगी म्हणून.

स्वयंपाकघराच्या टेबलावर नारळाच्या पातींच्या विणलेल्या, मुठीएवढ्या चौकोनी पुड्यांचा ढीग होता. आत भात शिजून घट्ट झालेला. मानसीने सुरी घेतली आणि रोहाना दाखवेल तसं एकेक पुडी मधोमध कापायला लागली. याला केतुपात म्हणतात, रोहानाने सांगितलं. मुआरला, तिच्या गावी, ईदच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका अंगणात बसून विणायच्या.

"ही वीण बघ, किती गुंतलेली आहे. माझी आई म्हणायची, या वर्षभरातल्या आपल्या चुका. आणि आत?" तिने कापलेला पांढराशुभ्र तुकडा वर धरला. "माफ केल्यानंतरचं मन. आमच्यात ईदला लहान माणसं मोठ्यांच्या पाया पडून माफी मागतात. दिसणाऱ्या चुकांची आणि न दिसणाऱ्याही."

"आमच्याकडे माफी मागत नाहीत," मानसी म्हणाली. "जेवायला वाढतात. जेवला की समजायचं मिटलं."

रोहानाला हे फार आवडलं. तिने मानसीला हाताला धरून हॉलमध्ये नेलं आणि भिंतीवरचे फोटो दाखवले. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला होता. फोटोत तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंही सैल सदरा, विजार आणि कमरेला जरीचं आखूड लुंगीसारखं वस्त्र, अशा पोशाखात उभे होते.

"याला सांपिन म्हणतात. आमच्या घरातल्या बाईला माणूस लांबून बघितला तरी कळतं. लग्न झालेला असेल तर सांपिन गुडघ्याच्या खाली. हा माझा नवरा. आणि हा दीर, तेव्हा बिनलग्नाचा. बघ, गुडघ्याच्या वर."

"म्हणजे विचारायलाच नको."

"विचारायचं कशाला? कापड सांगतं."

मानसीला गंमत वाटली. तिच्या आजीच्या वेळी बायकांचं कुंकू आणि गळ्यातलं बघून लोक हिशेब लावायचे. पुरुषाकडे बघून काही कळायची सोय नव्हती. ही पद्धत बरी, असं ती म्हणणार होती, तेवढ्यात मागचं दार ढकललं गेलं आणि दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या घेऊन सुजित आत आला.

त्याच्या अंगावर हिरवा सदरा होता. डोक्यावर काळी मखमली टोपी. कमरेला सोनेरी जरीचं सांपिन, आणि ते गुडघ्याच्या चांगलं चार बोटं खाली आलं होतं.

मानसीला काही म्हणजे काही संशय आला नाही. उलट तो त्या वेशात इतका देखणा दिसत होता की तिचा जीव सुपाएवढा झाला. नुकतंच शिकलेलं तिने लगेच वापरलं. रोहानाकडे वळून इंग्रजीत, मोठ्याने, ती म्हणाली, "याला कुणी नेसवलं? मकचिक, याचं वर घ्या बरं! माझ्या भावाचं लग्न व्हायचंय अजून."

मकचिक म्हणजे मावशी. हा शब्दही तिने अर्ध्या तासापूर्वीच उचलला होता.

कुणी हसलं नाही. जिन्यावरून उतरत असलेली हिदाया तिसऱ्या पायरीवर थांबली. तिच्या सदऱ्याचं कापड आणि सुजितच्या सदऱ्याचं कापड एकाच ताग्यातलं होतं. सुजितच्या हातातली एक पिशवी निसटली आणि बर्फ फरशीभर पसरला.

"म्हणजे तू अजूनही मानत नाहीस," रोहाना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. दुखावलेला होता. "माझ्या घरात येऊन, माझ्या मुलीसमोर, तू म्हणतेस लग्न झालं नाही."

"कुणाचं लग्न?"

"तेवीस नोव्हेंबरला याच हॉलमध्ये निकाह झाला. तू आली नाहीस. ठीक आहे. प्रत्येकाच्या मनाला वेळ लागतो, मी हिदायालाही तेच सांगितलं. पण मग तू हे कशाला पाठवलंस?"

ती काचेच्या कपाटाकडे गेली आणि वरच्या फळीवरून दोन्ही हातांनी एक वस्तू काढून तिने टेबलावर ठेवली.

पितळेचा पानाचा डबा होता. झाकणावर डाव्या कोपऱ्यात पोचा. पुढच्या बाजूला भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांचं नाव: भागीरथी खरात, नागपूर, १४-१०-५६.

मानसीच्या आजीचा डबा. धम्मदीक्षेसाठी आजी अकोल्याहून नागपूरला गेली होती आणि परतताना इतवारीत तिने हा डबा घेतला, दुकानदाराला समोर बसवून त्यावर तारीख घालून घेतली. घरात दुसरं काही नव्हतं ज्यावर तारीख होती. आईने तो मानसीला दिला, मानसीने तो हँडबॅगेत घालून ऑस्ट्रेलियात आणला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुजितने तो मागून नेला होता. ऑफिसात इंडियन डिस्प्ले करतायत, ताई, दोन दिवसांत आणतो. त्यानंतर तिने तीनदा विचारलं. ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे, ताई. सेफ आहे.

रोहाना बोलत होती. ती मानसीला ओरडत नव्हती, समजावत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. मुलाकडून येणाऱ्या तबकांत सगळ्यात पुढे पानाचा डबा असतो. तेपाक सिरेह. तो मुलाच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पाठवायचा. बाकी तबकं कमीजास्त झाली तरी चालतं, पण तो डबा म्हणजे त्या घराचा शब्द. सुजितची तबकं त्याच्या ऑफिसातल्या मित्रांनी उचलून आणली, सात. उलट तिने नऊ दिली, रीतीप्रमाणे दोन जास्त. सुजितने आधीच सांगितलं होतं, बहिणीने घरातून काढलंय, धर्म बदललेला तिला चालणार नाही. पण मग हा डबा आला.

"त्यानं सांगितलं, ताई येणार नाही, पण तिनं आजीचा डबा पाठवलाय. मी झाकण उघडलं. पानं सगळी सुलटी होती, चकचकीत बाजू वर. आमच्या गावात नकार असला की पान पालथं ठेवून पाठवतात, शिरांची बाजू वर. एकही शब्द बोलावा लागत नाही. मी माझ्या दिराला म्हटलं, बघ, रागावलीय, पण तिनं पान पालथं नाही घातलं. त्यावर मी मुलगी दिली."

मग ती म्हणाली, "आणि मी तुला फूल पाठवलं होतं."

फूल. मानसीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत साडेचार महिने एक गुलाबी कापडी फूल खोचलेलं होतं. त्याच्या देठाला जाळीची छोटी वाटी होती आणि वाटीत एक उकडलेलं अंडं आलं होतं. सुजितने एका रविवारी आणून दिलं. काय आहे हे? अगं, कलीगचं लग्न होतं, मलेशियन, त्यांच्यात लग्नाला आलेल्यांना अंडं देतात. जे आले नाहीत त्या जवळच्यांना घरी पाठवतात, हे त्याने सांगितलं नव्हतं. मानसीने सिंकपाशी उभ्यानेच ते सोललं, मीठ लावून खाल्लं आणि म्हणाली होती, चांगलं आहे रे, लाडवापेक्षा बरं. तो समोर उभा राहून बघत होता.

आता तो बर्फात उभा होता.

"ताई," तो मराठीत म्हणाला. त्या घरात मराठी कळणारी ती दोघंच. "ताई, प्लीज. हो म्हण. डबा मीच पाठवला म्हण. बाकी सगळं तुला नंतर सांगतो. बाराला साठ माणसं येणार आहेत इथे."

मानसीने त्याच्याकडे पाहिलं. हो म्हटलं तर ती त्यांच्या लेखी वाईट पण अखेर नमलेली बहीण ठरणार होती. मग ईदच्या जेवणाला तिला माफ करण्यात येणार होतं, सगळ्यांदेखत, न केलेल्या गोष्टीबद्दल. नाही म्हटलं तर त्या मुलीचा निकाह ज्या डब्यावर उभा होता तो डबाच खोटा ठरणार होता.

"त्यानं काय म्हटलं?" हिदायाने जिन्यावरून विचारलं.

"त्यानं मला खोटं बोलायला सांगितलं," मानसी म्हणाली. मग रोहानाकडे वळली. "मकचिक, डबा माझ्या आजीचा आहे. मी तो पाठवला नाही. त्यानं तो माझ्याकडून ऑफिससाठी म्हणून नेला. लग्न झालं हे मला आत्ता, तुमच्याकडून कळलं. मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मी नाहीही म्हटलेलं नाही."

वरच्या मजल्यावर कुठेतरी हेअर ड्रायर चालूच राहिला होता. हिदाया तो बंद करायला गेली नाही.

रोहाना खुर्चीत बसली. बर्फ वितळून टेबलाच्या पायापर्यंत आला होता. तिने डब्याचं झाकण नीट बसवलं, स्वतःच्या रुमालाच्या टोकाने पुसलं आणि डबा मानसीच्या हातात दिला.

"न पाठवलेला डबा मी ठेवू शकत नाही," ती म्हणाली. "घेऊन जा."

ती रागावली होती की रडणार होती, हे मानसीला कळलं नाही. लाडवांचा डबा टेबलावरच राहिला.

सुजित तिच्या मागोमाग गाडीपर्यंत आला. चपला घालायचं भान त्याला नव्हतं.

"काय केलंस तू हे, ताई?"

"मी?"

"त्यांना किती लागलंय बघितलंस ना?"

"बघितलं. तू कधी बघितलंस?" तिने डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला. "का केलंस, ते सांग. एकदाच सांग आणि खरं सांग."

तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. "रोहाना आंटी तयार नव्हत्या. परका मुलगा, आगापिछा माहीत नाही. एकदा मी म्हणालो की हिदायासाठी मला घर सोडावं लागलं, ताईनं काढलं. तसं पटकन तोंडातून गेलं गं. आणि त्या एकदम बदलल्या. जेवायला बोलवायला लागल्या. बिचाऱ्याला कुणी नाही म्हणायच्या."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तू खूश झाली असतीस. दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन इथे आली असतीस. मग त्यांना काय सांगणार होतो मी?"

मानसीला वाटलं होतं, तो म्हणेल की मला भीती वाटली. तू रागावशील, समाज काय म्हणेल, तू मोडता घालशील. यातलं काहीही ती समजून घेऊ शकली असती, कदाचित त्याची समजूतही घातली असती. पण ती हो म्हणेल हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने तिला बाहेर ठेवलं होतं. तिच्या नकाराचा त्याला उपयोग होता.

"आजीनं धर्म बदलला तेव्हा डब्यावर तारीख घातली," ती म्हणाली. "लोकांनी वाचावी म्हणून. आपल्या घरात ही लपवायची गोष्ट कधी नव्हती, सुजित. आणि तू तोच डबा घेऊन गेलास."

"ताई, आय ॲम सॉरी. खरंच."

"अंडं खाताना बघत होतास मला."

त्याने टपावरचा हात काढला. पहिल्या पाहुण्यांची गाडी वळणावर आली. मानसीने आपली बाहेर काढली.

पुढचे तीन आठवडे सुजितचे मेसेज येत राहिले. सुरुवातीला लांबलचक, मग एकेका ओळीचे, मग नुसते फोन, जे ती उचलत नव्हती. कामावर ती रोजच्यासारखी शिरा शोधत होती. रविवारी सवयीने दोघांपुरता भात लावला गेला तेव्हा तिने उरलेला सोमवारी फोडणी देऊन खाल्ला. खिडकीतलं गुलाबी फूल तिने काढलं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं, परत आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. ते सुजितने आणलं असलं तरी त्याने पाठवलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून एक तास पुढेच होतं.

तेवीस एप्रिलला रोहानाचा मेसेज आला. नंबर तिने लाडवांच्या डब्यावर चिकटवलेल्या नाव, पत्ता आणि नंबरच्या चिठ्ठीवरून घेतला होता. अँझॅक डेला सुट्टी आहे. दुपारी तीन वाजता मी आणि हिदाया तुझ्याकडे येऊ का? जे आधी विचारायला हवं होतं ते विचारायला येतोय. मग खाली आणखी एक ओळ: आमच्यात मुलीकडचे असे जात नाहीत, पण आमच्यात असं आधी झालंही नाही.

मानसीने तो चार वेळा वाचला आणि 'या' एवढंच लिहिलं.

गुरुवारी कामावरून येताना तिने स्टेशनजवळच्या किराणा दुकानातून विड्याची पानं घेतली. ती तिथे फ्रिजमध्ये ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात. सुपारी नव्हती, ती देशात आणूच देत नाहीत. परत मिळालेल्या आजीच्या डब्यातही तिला सुपारीच्या जागी जायफळ सापडलं होतं. मानसीने लवंग आणि बडीशेप घेतली. घरी येऊन तिने आजीचा डबा चिंचेने घासला. ठिपक्यांच्या नावात साचलेलं काळं तिने टूथब्रशने काढलं.

शुक्रवारी बरोबर तीनला बेल वाजली. रोहाना आणि हिदाया, दोघींच्या हातांत मिळून पाच ताटं, पारदर्शक कागदात बांधलेली. फळं, खजूर, केक, एक शाल आणि मानसीचाच लाडवांचा डबा, धुऊन, त्यात केतुपात भरून.

हिदाया तिच्यासमोर सतरंजीवर बसली. सव्वीस-सत्तावीसची असेल. डोळ्यांखाली झोप न झालेली दिसत होती.

"ताई," ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द 'टाई' असा येत होता. "मी तुमचा साडेचार महिने राग केला. नमाजानंतर तुमच्यासाठी दुआ करायचे, की यांचं मन वळू दे. मला आता हसूही येतं आणि…" तिने वाक्य सोडून दिलं. "त्यानं मलाही हेच सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून."

"तू राहणार आहेस त्याच्याबरोबर?"

"हो. पण सध्या तो ग्रॅनी फ्लॅटमध्ये झोपतो. खरोखरच."

मानसीला हसू आलं आणि त्याचंच तिला आश्चर्य वाटलं. रोहाना मात्र हसली नाही. ती हे सगळं नीट, क्रमाने करायला आली होती. पाठ ताठ करून ती म्हणाली, "मानसी खरात, माझ्या मुलीला तुझ्या घरात जागा आहे का, हे विचारायला मी आलेय. उत्तर आज दिलं नाहीस तरी चालेल."

मानसी उठली. डबा तिने भरूनच ठेवला होता. तिने तो आणून हिदायासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. सात पानं, एकात एक घडी घालून, सगळी चकचकीत बाजू वर. हिदायाने तोंडावर हात धरला.

"डबा तुझा," मानसी म्हणाली. "त्याचा नाही. तुझा. पुढे कुणाला द्यायचा ते तू ठरवायचं. आणि तो कुठून आला ते सांगून द्यायचा."

रोहानाने एक पान उचललं, लवंग ठेवून दुमडलं आणि तोंडात घातलं. बराच वेळ ती चावत राहिली.

मग हिदाया हळूच म्हणाली, "तो खाली आहे. गाडीत. मी म्हटलं होतं येऊ नकोस, तरी आला. वर बोलवू?"

मानसी गॅलरीत गेली. खाली पार्किंगमध्ये पांढरी गाडी उभी होती. काच खाली होती आणि सुजितचा हात बाहेर होता, दाराच्या पत्र्यावर बोटं वाजवत. लहानपणी बसमध्ये खिडकीशी बसला की असाच वाजवायचा. तिला तो अकोल्याच्या स्टँडवर दिसला, शाळेच्या शर्टात. ती आत आली.

आमच्याकडे जेवायला वाढतात, असं तिने रोहानाला सांगितलं होतं. घरात भात होता, वरण होतं. ताट वाढायला पाच मिनिटं लागली नसती.

तिने फडताळातून एक बशी काढली. ओल्या कागदातलं उरलेलं एक पान घेतलं, पुसलं आणि बशीत ठेवलं. शिरांची बाजू वर.

"हे त्याला दे," ती हिदायाला म्हणाली. "तू समजावू नकोस. त्याला येतं वाचता."

हिदायाने आईकडे पाहिलं. रोहाना बशीकडे बघत होती. तिने पानाला हात लावला नाही. ती फक्त मुलीला म्हणाली, "नीट ने. जिन्यात वारा आहे. उलटेल."

मानसी पुन्हा गॅलरीत आली. हिदाया खालच्या दारातून बाहेर पडली. तिने एका हातात बशी धरली होती आणि दुसऱ्या हाताचा तळवा पानावर झाकून धरला होता. ती हळू चालत होती, डोळे बशीवर ठेवून. सुजित गाडीतून उतरला. त्याने वर पाहिलं. मानसी बाजूला झाली नाही.

हिदायाने बशी पुढे केली आणि वरचा हात काढला.

मानसीने तेवढं पाहिलं. मग आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं.